१०८, गिरगाव बॅक रोड

नागपूरच्या इतवारीत सराफा ओळीत पुष्कराज मागितला, तर किती रतीचा हवा हे सराफ नंतर विचारतो, आधी रास विचारतो. पुष्कराज गुरूचा. तो सोन्यात मढवायचा, तर्जनीत घालायचा आणि गुरुवारी घालायचा. नीलम शनीचा, मधल्या बोटात, शनिवारी. तोही आधी काही रात्री उशाशी ठेवून मानवतो का ते बघून. हे सगळं बोलणं हॉलमार्क, घडणावळ आणि जीएसटीच्या हिशेबाबरोबरच उरकतं. आपण काही गुप्तविद्या सांगतो आहोत असं विकणाऱ्याला वाटत नाही, घेणाऱ्यालाही नाही.

ग्रह, धातू, रत्न, बोट, वार अशी ही साखळी. पॅरिसच्या आंत्वान फेव्र या प्राध्यापकाने नेमकी हीच कल्पना एका मोठ्या परंपरेची पहिली खूण म्हणून नोंदवली. विश्वातल्या दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या वस्तू एकमेकींशी छुप्या नात्यांनी बांधलेल्या असतात, ही ती कल्पना. १९९२ साली निघालेल्या एका छोट्या पुस्तकात त्याने आणखी तीन खुणा सांगितल्या: निसर्ग सजीव आहे ही धारणा, प्रतिमा आणि मध्यस्थांच्या द्वारे वरच्या जगापर्यंत पोचता येतं हा विश्वास, आणि साधकाचं आतून-बाहेरून रूपांतर होतं हा अनुभव. शिवाय दोन जोडखुणा. सगळ्या धर्मांचं मूळ एकच, आणि विद्या गुरूकडून शिष्याकडे दीक्षेनेच जाते. मराठी वाचकाला ही यादी वाचून नवल वाटायचं कारण नाही; यातलं बरंचसं त्याच्या आजीलाही ठाऊक होतं. फेव्रने मात्र ती युरोपसाठी केली होती. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सचे विद्वान, किमयागार, रोझिक्रुशियन, फ्रीमेसनांच्या काही शाखा आणि एकोणिसाव्या शतकातले थिऑसॉफिस्ट यांना एका सूत्रात ओवायला त्याला हे निकष हवे होते.

युरोपच्या विद्यापीठांनी या लोकांकडे बघणं फार काळ टाळलं. न्यूटनची किमयेवरची शेकडो पानं केम्ब्रिजने चाळली आणि १८८८ साली त्याच्या वारसांकडे परत धाडली. गणिताची आणि भौतिकाची तेवढी ठेवून घेतली. १९३६ साली ती परत आलेली पानं लंडनला लिलावात निघाली, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ केन्सने त्यातली बरीच स्वतः विकत घेतली. वातावरण बदललं ते पुढे. १९६४ साली फ्रान्सिस येट्स या इंग्रज विदुषीचं जिओर्दानो ब्रूनोवरचं पुस्तक आलं आणि आधुनिक विज्ञान घडवणाऱ्यांच्या कपाटात किती मंत्रतंत्र होतं, हे उघडपणे बोललं जाऊ लागलं. त्याच सुमारास पॅरिसच्या सोर्बोनमधल्या एका संस्थेत ख्रिस्ती गूढविद्येच्या इतिहासाचं अध्यासन सुरू झालं. १९७९ साली ते फेव्रकडे आलं. १९९९ साली अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठाने असंच एक अध्यासन काढून त्यावर वाउटर हानेग्राफ या डच अभ्यासकाला बसवलं. २००५ साली संशोधकांची युरोपीय संघटना स्थापन झाली. विद्याशाखेला एव्हाना नावही मिळालं होतं. 'पाश्चात्त्य गूढविद्या'.

या नावातला 'पाश्चात्त्य' हा शब्द पुढे बराच बोचला, आणि तो बोचण्यात गिरगावाचा मोठा हात आहे. कारण या पाश्चात्त्य गूढविद्येच्या आधुनिक इतिहासातली सगळ्यांत निर्णायक वर्षं न्यूयॉर्कला गेली नाहीत, लंडनलाही नाहीत. ती मुंबईत गेली, मराठी आणि गुजराती माणसांच्या शेजारात.

थिऑसॉफिकल सोसायटीची स्थापना १७ नोव्हेंबर १८७५ रोजी न्यूयॉर्कला झाली. अध्यक्ष कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट. हे वकील आणि पत्रकार. यादवी युद्धात लष्करी खात्यातले घोटाळे खणून काढण्याचं काम केलेले, लिंकनच्या खुनाच्या तपासातही हात लावलेले. दुसऱ्या हेलेना पेट्रोव्हना ब्लाव्हाट्स्की. जन्म १८३१, रशियन साम्राज्यातल्या येकातेरिनोस्लाव्हचा. घराणं खानदानी, सिगारेट अखंड, जीभ तिखट. दोघांची गाठ १८७४ साली व्हरमाँटमधल्या एका शेतघरात पडली. तिथे मृतात्मे दिसतात म्हणून गर्दी लोटत होती आणि ऑल्कॉट वर्तमानपत्रासाठी त्याचा छडा लावायला गेले होते. १८७७ साली ब्लाव्हाट्स्कीबाईंचा 'आयसिस अनव्हेल्ड' हा दोन खंडी ग्रंथ आला आणि पहिल्या हजार प्रती दहा दिवसांत संपल्या. त्यात प्राचीन विद्येचं माहेर म्हणून इजिप्तचं पारडं अजून जड होतं. हिंदुस्थान पुढे येत होता, पण पुस्तकांतून.

खऱ्या हिंदुस्थानाशी दुवा जुळला तो एका कापड व्यापाऱ्यामुळे. १८७० साली अटलांटिक ओलांडताना ऑल्कॉटना मुंबईचे मूळजी ठाकरसी भेटले होते. काही वर्षांनी त्यांना पत्र गेलं, आणि मूळजींनी हरिश्चंद्र चिंतामण यांचं नाव कळवलं. हे मुंबईतले नावाजलेले छायाचित्रकार आणि मुंबईच्या आर्य समाजाचे अध्यक्ष. आर्य समाजही १८७५ सालीच, गिरगावातच निघालेला. पत्रापत्री इतकी रंगली की १८७८ साली न्यूयॉर्कच्या सोसायटीने स्वतःला आर्य समाजाची शाखा म्हणवून घेतलं आणि दयानंद सरस्वतींना आपले गुरू मानलं. दयानंदांना इंग्रजी येत नव्हतं, ब्लाव्हाट्स्कीबाईंना संस्कृत. मधला सगळा व्यवहार हरिश्चंद्र चिंतामण यांच्या भाषांतरावर चालला.

१६ फेब्रुवारी १८७९. 'स्पीक हॉल' नावाची आगबोट मुंबई बंदरात लागली. ऑल्कॉट अपोलो बंदरावर उतरले आणि पहिली गोष्ट केली ती ही, की वाकून तिथल्या दगडी पायरीचं चुंबन घेतलं. बरोबर ब्लाव्हाट्स्कीबाई होत्या, एडवर्ड विम्ब्रिज नावाचे वास्तुकार होते आणि रोझा बेट्स नावाच्या शिक्षिका. त्या काळी साहेब मुंबईत आला की कोटात किंवा मलबार हिलवर उतरायचा. ही मंडळी थेट गिरगावात, नेटिव वस्तीत गेली. पाहुणचार झाला, हारतुरे झाले आणि मग यजमान हरिश्चंद्र चिंतामण यांनी बिल पुढे केलं. घराचं भाडं, जेवणखाण, स्वागत-समारंभाचा खर्च, इतकंच काय, स्वागताची जी तार त्यांनी धाडली होती तिचेही पैसे. अमेरिकेहून आर्य समाजासाठी पाठवलेले सहाशेच्या वर रुपये समाजापर्यंत पोचलेच नव्हते, हेही उघडकीला आलं. हिमालयातल्या ऋषींच्या शोधात आलेल्या माणसांची मुंबईशी झालेली ही पहिली ओळख. त्यांनी सामान उचललं आणि मार्चमध्ये १०८, गिरगाव बॅक रोड इथे स्वतंत्र बिऱ्हाड केलं. आजचा विठ्ठलभाई पटेल रोड तो हाच.

या घराच्या ओसरीवर रोज संध्याकाळी दरबार भरू लागला. पारशी, भाटिया, प्रभू, ब्राह्मण, कॉलेजातली पोरं, निवृत्त मुन्सफ. चर्चा पुनर्जन्मापासून मेस्मेरिझमपर्यंत. गोऱ्या माणसाने जमिनीवर मांडी घालून 'तुमचा धर्म आमच्यापेक्षा खोल आहे' असं सांगणं हेच मुळी लोकांना अपूर्व होतं. त्याआधीची दोन पिढ्यांची पोरं मिशनऱ्यांच्या शाळांत उलटं ऐकत आली होती. २३ मार्चला ऑल्कॉटचं पहिलं मोठं व्याख्यान फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये झालं. पोलिसांनीही दखल घेतली, अर्थात वेगळ्या कारणाने. अफगाणिस्तानात युद्ध चालू असताना एक रशियन बाई मुंबईत येते, नेटिवांत राहते आणि उत्तरेला फिरायला निघते, म्हणजे ती हेरच असणार, असा सरकारचा होरा होता. मंडळी उत्तरेच्या प्रवासाला गेली तेव्हा मागावर माणूस होता. ब्लाव्हाट्स्कीबाईंनी आदल्याच वर्षी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं होतं, ते तेव्हा कामाला आलं.

ऑक्टोबर १८७९ मध्ये त्याच बिऱ्हाडातून 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक निघालं. संपादक ब्लाव्हाट्स्कीबाई. हे मासिक आज अड्यारहून निघतं आणि त्याचे पहिल्या तीन-चार वर्षांचे अंक म्हणजे अभ्यासकांची खाण आहे. योगावर टिपणं, भुताखेतांच्या हकिकती, तंत्रावर बंगाली वकिलांचे लेख, झरतुष्ट्री धर्मावर पारशांचे, आणि त्या सगळ्यांच्या खाली संपादकबाईंच्या लांबलचक तळटीपा. लेखकाशी तळटीपेत भांडायची त्यांची हौस दांडगी होती. सोसायटीच्या चौथ्या वर्धापनदिनी, नोव्हेंबर १८७९ मध्ये, देशी कारागिरीचं एक प्रदर्शनही भरवलं गेलं. गूढविद्या आणि स्वदेशी एकाच मांडवात, हे चित्र फक्त तेव्हाच्या मुंबईतच शक्य होतं.

याच मासिकाच्या टेबलाशी एक मराठी तरुण दिवसरात्र राबत होता. दामोदर केशव मावळंकर. जन्म १८५७ चा, अहमदाबादचा. कऱ्हाडे ब्राह्मण, घरचं उत्तम, लहानपणी लग्न झालेलं. 'आयसिस अनव्हेल्ड' वाचून भारावलेला हा मुलगा ३ ऑगस्ट १८७९ रोजी सोसायटीचा सभासद झाला. मग त्याने घर सोडलं, जात सोडली आणि १८८० साली त्याच मासिकात जातिभेदावर लेख लिहून, आपण जात का टाकली ते छापील जाहीर केलं. वडील केशवराव सुरुवातीला मुलामागोमाग सभासद झाले होते. मुलगा हाताबाहेर गेल्यावर त्यांनी पाठ फिरवली. मे १८८० मध्ये ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट सिलोनला गेले, तिथे गाले शहरात त्यांनी जाहीरपणे बौद्ध पंचशील घेतलं. त्या दौऱ्यात दामोदर बरोबर होता. कऱ्हाड्यांच्या घरातल्या मुलाने एवढं केल्यावर परतीचा रस्ता राहिला नव्हता.

इथे महात्म्यांविषयी सांगायला हवं, कारण त्यांच्यावाचून पुढचं काही कळायचं नाही. तिबेटच्या बाजूला राहणारे काही सिद्धपुरुष सोसायटीच्या पाठीशी आहेत, असं ब्लाव्हाट्स्कीबाई सांगत. दोघे प्रमुख, कूट हूमी आणि मोर्या. त्यांची पत्रं येत, पण टपालाने क्वचितच. छतातून पडत, उशीखाली सापडत, बंद पाकिटात उमटत; एकाचं अक्षर बहुधा निळं, दुसऱ्याचं तांबडं. अलाहाबादच्या 'पायोनिअर' या इंग्रजांच्या वजनदार पत्राचे संपादक ए. पी. सिनेट यांना अशी सव्वाशेहून अधिक पत्रं मिळाली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेली आहेत. ऑक्टोबर १८८० मध्ये सिमल्याला सहलीत एक माणूस वाढला आणि कप कमी पडला, तर ब्लाव्हाट्स्कीबाईंनी जागा दाखवली, तिथे खणलं आणि त्याच नक्षीची कप-बशी निघाली, ही हकिकत सिनेटने पुस्तकात छापली आणि ती लंडनभर झाली. या वर्तुळात अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमही होते. हे आधी महात्म्यांशी पत्रव्यवहार करत होते, मग बिनसलं. १८८५ साली काँग्रेस उभी करणारे ते हेच.

दयानंदांना हे चमत्कार आणि बौद्ध पंचशील दोन्ही पचणारं नव्हतं. वेद सोडून काही प्रमाण न मानणारा संन्यासी आणि जगातल्या सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच गुप्त विद्या बघणारी बाई, यांची सोयरीक इतकी टिकली हेच आश्चर्य. मार्च १८८२ मध्ये त्यांनी मुंबईतच भर सभेत थिऑसॉफिस्टांचा निषेध केला. घरातही भांडणं होती. विम्ब्रिज आणि बेट्सबाई १८८० सालीच वेगळे झाले. विम्ब्रिजने मुंबईत फर्निचरचा धंदा काढला आणि तो चांगला चालवला. त्यांच्या जागी एमा कूलोंब आणि तिचा नवरा अलेक्सिस आले. एमाची ब्लाव्हाट्स्कीबाईंशी कैरोपासूनची ओळख. ती घरकाम पाहू लागली आणि नवरा सुतारकाम. ही नोंद लक्षात ठेवावी.

गिरगावातून बिऱ्हाड ब्रीच कँडीच्या 'क्रोज नेस्ट' बंगल्यात गेलं आणि १७ डिसेंबर १८८२ रोजी मुंबई कायमची सुटली. मद्रासजवळ अड्यारला नदीकाठची मोठी बाग सोसायटीने घेतली होती.

अड्यारच्या त्या वास्तूत एक देव्हाऱ्यासारखं कपाट होतं. त्यात पत्र ठेवावं आणि महात्म्यांचं उत्तर घ्यावं. सप्टेंबर १८८४ मध्ये, ब्लाव्हाट्स्कीबाई युरोपात असताना, मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकाने काही पत्रं छापली. ती बाईंनी एमा कूलोंबला लिहिल्याचा दावा होता, आणि त्यांत चमत्कार कसे जमवायचे याच्या सूचना होत्या. कपाटामागच्या भिंतीत सरकत्या फळ्या निघाल्या. त्या अलेक्सिसने बाईंच्या सांगण्यावरून केल्या की बाईंना बदनाम करण्यासाठी स्वतःहून, यावर आजही दोन पक्ष आहेत. सोसायटीच्याच मंडळींनी ते कपाट जाळून टाकल्यामुळे वाद कायमचा अनिर्णित राहिला.

लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने चौकशीला रिचर्ड हॉजसन या तिशीला टेकलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाला पाठवलं. डिसेंबर १८८४ मध्ये तो अड्यारला उतरला, तीन महिने हिंदुस्थानात फिरला, मुंबईला येऊन 'क्रोज नेस्ट'चं छत त्याने तपासलं, साक्षीदारांना उलटसुलट विचारलं, अक्षरं ताडून पाहायला तज्ज्ञ नेमला. त्या तज्ज्ञाने आधी पत्रं बाईंच्या हातची नाहीत म्हटलं, पुढे आणखी नमुने पाहून मत फिरवलं. डिसेंबर १८८५ मध्ये अहवाल निघाला, मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं त्याच महिन्यात. निष्कर्ष कठोर होता: बाई पहिल्या प्रतीच्या भोंदू, आणि दामोदर मावळंकर त्यांचा साथीदार. शंभर वर्षांनी, १९८६ साली, व्हर्नन हॅरिसन या हस्ताक्षरतज्ज्ञाने त्याच संस्थेच्या नियतकालिकात हॉजसनच्या अहवालाची चिरफाड केली. पुरावा एकतर्फी वापरला, असं त्याचं म्हणणं.

नागपूरकरांना हा सगळा प्रकार ओळखीचा वाटेल. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ साली याच शहरात निघाली, आणि चमत्कार सिद्ध करा, बक्षीस घ्या, हे तिचं आव्हान जानेवारी २०२३ मध्ये रेशीमबाग मैदानावरच्या एका दरबाराच्या निमित्ताने देशभरच्या वाहिन्यांवर गाजलं. हॉजसन काय आणि समिती काय, प्रश्न एकच विचारतात: हे खरं का खोटं? तो प्रश्न रास्तच आहे; लुबाडला जाणारा माणूस समोर असताना दुसरा प्रश्न सुचूही नये. अ‍ॅम्स्टरडॅमचे प्राध्यापक मात्र तो जाणूनबुजून बाजूला ठेवतात. महात्मे होते की नव्हते याचा निवाडा इतिहासकाराच्या हातात नाही, असं हानेग्राफ म्हणतो. ती पत्रं कोणी वाचली, कशासाठी वाचली आणि वाचून काय केलं, एवढं त्याच्या हातात आहे. हा पवित्रा कधीकधी फारच सोयीचा पडतो, हे खरं. भिंतीतल्या सरकत्या फळ्या हाही इतिहासच आहे. पण त्या पवित्र्यामुळेच काही गोष्टी दिसू लागल्या. अमेरिकन संशोधक के. पॉल जॉन्सन याने १९९४ सालच्या पुस्तकात मांडलं की महात्मे म्हणजे बाईंना भेटलेल्या खऱ्या माणसांची वेषांतरं असावीत: काश्मीरचे महाराज रणबीरसिंह, शीख सरदार ठाकरसिंह संधनवालिया असे. सगळ्यांना ते पटलेलं नाही.

आणि दामोदर? अहवाल निघायच्या आधीच तो गेला होता. २३ फेब्रुवारी १८८५ रोजी त्याने अड्यार सोडलं, बोटीने कलकत्ता, मग दार्जिलिंग. एप्रिलमध्ये सिक्कीमच्या बाजूने तिबेटकडे निघाला, गुरूंना भेटायला. सत्तावीस वर्षांचा होता, तब्येत आधीच खालावलेली. बर्फात एक मृतदेह सापडल्याच्या वार्ता आल्या, तो आश्रमात सुखरूप आहे अशाही आल्या. हॉजसनच्या आरोपाला त्याचं उत्तर कधी मिळालं नाही. भोंदूच्या साथीदाराला असं तिबेटची वाट धरायचं कारण काय, हा प्रश्न मात्र हॉजसनच्या पक्षाला अडचणीत टाकतो. ब्लाव्हाट्स्कीबाईही मार्चअखेर हिंदुस्थान सोडून गेल्या आणि परत आल्या नाहीत. १८८८ साली लंडनमधून त्यांचा 'सीक्रेट डॉक्ट्रिन' निघाला, १८९१ साली त्या वारल्या.

त्यांनी बरोबर काय नेलं, याचा हिशेब गेल्या पंधरा-वीस वर्षांत लागू लागला आहे. त्यातलं एक टोक नेवाशाला पोचतं. डब्लिनच्या एका मासिकात १८५३-५४ साली 'द ड्रीम ऑफ रावण' नावाचं निनावी लेखन क्रमशः आलं होतं. त्यात ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातलं कुंडलिनी जागी होण्याचं वर्णन इंग्रजीत उतरवलेलं होतं. कोणी उतरवलं ते आजवर नक्की झालेलं नाही. थिऑसॉफिस्टांनी हे लेखन उचललं, आणि ब्लाव्हाट्स्कीबाईंनी १८८९ सालच्या 'व्हॉइस ऑफ द सायलेन्स'च्या प्रस्तावनेत ज्ञानेश्वरीचं नाव मोठ्या आदराने घेतलं. व्हिएन्नाचे संशोधक कार्ल बायर यांनी चक्रं आणि कुंडलिनी थिऑसॉफीत कशी शिरली याचा माग काढला आहे, आणि त्या वाटेवर ज्ञानेश्वरी लागते. पुढे १९२७ साली लेडबीटर या थिऑसॉफिस्टाने चक्रांवर रंगीत चित्रांचं पुस्तक काढलं. आज कॅलिफोर्नियातल्या योगवर्गाच्या भिंतीवर दिसणारी चक्रांची चित्रं त्या पुस्तकाची वारसदार आहेत. शके १२१२ मध्ये मराठीत सांगितलेली गोष्ट डब्लिन, गिरगाव, अड्यार, लंडन असा फेरा घेऊन गेली, आणि वाटेत तिचं मराठीपण गळून गेलं.

अशा वाटा सापडल्यावर 'पाश्चात्त्य गूढविद्या' हे नाव टिकणं कठीणच होतं. हायडेलबर्गचे मिखाएल बेर्गुंडर, त्यांचे विद्यार्थी युलियान श्ट्रूबे, नॉर्वेचे एगिल आस्प्रेम यांनी गेल्या दशकभरात हाच मुद्दा लावून धरला. श्ट्रूबेचं २०२२ सालचं पुस्तक बंगालच्या तंत्रावर आहे, आणि त्यात कलकत्त्याचे वकील-न्यायाधीश हे निव्वळ माहिती पुरवणारे नाहीत. गूढविद्येची आधुनिक व्याख्या घडवणारे भागीदार आहेत. हानेग्राफचाही एक गाजलेला सिद्धान्त इथे तपासून पाहण्यासारखा आहे. २०१२ सालच्या पुस्तकात त्याने म्हटलं की गूढविद्या म्हणजे युरोपने नाकारलेलं ज्ञान. आधी प्रोटेस्टंट धर्मशास्त्र्यांनी ते मूर्तिपूजक म्हणून बाहेर काढलं, मग प्रबोधनाच्या विचारवंतांनी अंधश्रद्धा म्हणून, आणि त्या बाहेर काढलेल्या गोष्टींचा ढीग म्हणजे आजची ही विद्याशाखा. युरोपपुरतं हे झकास पटतं. पण ते इतवारीत आणून पाहावं. तिथे पंचांग हिशेबाच्या वह्यांशेजारी असतं, लक्ष्मीपूजनाच्या रात्री वहीपूजन मुहूर्त बघून होतं आणि पुष्कराज पक्क्या पावतीवर विकला जातो. इथे काहीच कचऱ्यात टाकलेलं नाही. तर मग 'गूढ' म्हणायचं कशाला? वाद घालायला जागा आहे, आणि तो वाद मराठीत अजून नीट सुरूही झालेला नाही.

पैशाच्या बाबतीत युरोपची ही विद्याशाखा सुदैवी ठरली. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये योस्ट रिटमन या उद्योगपतीने गूढविद्येची दुर्मीळ पुस्तकं जमवून ग्रंथालय उभं केलं. त्यातले ग्रंथ संगणकावर आणायला २०१६ साली 'द दा विंची कोड'चा लेखक डॅन ब्राउन याने तीन लाख युरो दिले. कादंबऱ्यांचा कच्चा माल तिथूनच नेला होता म्हणून कदाचित.

आता परत गिरगावला. तिथल्या ओसरीवर बसणाऱ्यांपैकी बरेच जण नुसते ऐकायला आलेले नव्हते. 'शतपत्रे' लिहिणारे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख सोसायटीच्या उपाध्यक्षांत होते. आणि तुकाराम तात्या पडवळ. कापसाचे दलाल, भंडारी समाजातले. गोऱ्यांचा हेतू काय असेल या शंकेने ते सुरुवातीला लांब राहिले, मग स्वतः येऊन विचारपूस केली आणि शेवटपर्यंत टिकले. १८८२ साली त्यांनी पतंजलीच्या योगसूत्रांची इंग्रजी आवृत्ती मुंबईत छापून आणली, ऑल्कॉटच्या प्रस्तावनेसह. अमेरिकेतल्या थिऑसॉफिस्टांपर्यंत योगसूत्रं पोचली त्यात या आवृत्तीचा वाटा आहे. तुकारामाची मोठी गाथा छापली ती त्यांनीच, १८८९ साली. मुंबईत त्यांनी होमिओपॅथीचा धर्मादाय दवाखाना चालवला.

युरोपातल्या अभ्यासकांच्या सूचींत त्यांचं नाव इंग्रजी स्पेलिंगात, योगग्रंथांचा प्रकाशक म्हणून येतं. इकडे महाराष्ट्रात जोतीराव फुले यांच्या चळवळीचा इतिहास लिहिणारे त्यांना ओळखतात ते 'जातिभेद विवेकसार'चे लेखक म्हणून. १८६१ साली 'एक हिंदू' या टोपणनावाने त्यांनी ते लिहिलं आणि १८६५ साली त्याची दुसरी आवृत्ती खुद्द फुल्यांनी काढली. शास्त्रवचनांचेच दाखले देऊन जातिभेद खोडणारा हा माणूस पुढे योगसूत्रांकडे का वळला, महात्म्यांच्या पत्रांवर त्याचा कितपत भरवसा होता, दामोदरने जात टाकली तेव्हा त्याला काय वाटलं असेल, हे प्रश्न दोन्हीकडच्या पुस्तकांत अर्धे-अर्धे पडून आहेत. ते एकत्र विचारायचे तर अड्यारचे कागद, 'थिऑसॉफिस्ट'चे मुंबईचे अंक आणि १८६०-८० ची मराठी छापील पुस्तकं एकाच टेबलावर यावी लागतील, आणि टेबलाशी बसणाऱ्याला मराठी यावी लागेल.